आधी फिल्म दाखवा

यवतमाळच्या झरी तालुक्यात दातांना तार लावलेली पोरं आता सहज दिसतात. मुकुटबनच्या स्टँडवर, पाटणच्या बाजारात, शिबल्याच्या लग्नात. कापूस विकला, सोसायटीचं कर्ज आणि कृषी केंद्राची उधारी फिटली, त्यातून काही उरलं तर ते हल्ली पोरीच्या दातांवर खर्च होतं. "स्थळं पाहाले याच्या आंदी तार निघाली पाह्यजे जी मॅडम," असं आया मला बजावतात. नागपुरातल्या माझ्या मैत्रिणी हे ऐकून हसतात. मला हसू येत नाही. ओठ मिटत नाहीत म्हणून वर्गात चिडवलेली पोरगी, दात मागे सरकायला लागले की तोंडावरचा हात काढून बोलायला लागते, हे माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीशेजारी उभं राहून मी पाहिलेलं आहे. तेव्हा तार लावण्याविरुद्ध मी लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी बीडीएस आहे, एमडीएस नाही. तारा मी लावत नाही. दात काढणं, भरणं, रूट कॅनॉल करणं, म्हाताऱ्यांच्या कवळ्या बसवणं हे माझं काम. तरी तारवाल्या रुग्णांची गाऱ्हाणी माझ्याकडेच येतात, कारण तार लावणारे डॉक्टर दीडशे किलोमीटरच्या पलीकडे नागपुरात असतात. नाहीतर महिन्यातल्या एखाद्या रविवारी जवळच्या एखाद्या मोठ्या गावात दुसऱ्याच्या दवाखान्यात बसून रुग्ण तपासतात आणि संध्याकाळी परत जातात. आमच्या धंद्यात त्यांना 'व्हिजिटिंग' म्हणतात. तारेचं टोक गालाला टोचलं, ब्रॅकेट निघालं, हिरडी सुजली की पोरं माझ्याकडे येतात. त्यात गेल्या काही वर्षांत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे : "मॅडम, खिळा दुखते."

खिळा म्हणजे मिनी-स्क्रू. हिरडीतून जबड्याच्या हाडात पिळून बसवलेला, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा किंवा स्टीलचा बारीक स्क्रू. तो कशासाठी, हे आईबापांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. पुढचे दात मागे ओढायचे तर कशाला तरी धरून ओढावे लागतात. पूर्वी मागच्या दाढांना धरून ओढत. पण जेवढ्या जोराने दाढ पुढच्या दाताला ओढते, तेवढ्याच जोराने ती स्वतःही पुढे ओढली जाते. उपदाढ काढून केलेली मोलाची जागा दोन्ही बाजूंनी भरत जाते आणि दात मागे जायचे ते अर्धेच जातात. यावर जुना उपाय म्हणजे डोक्याला पट्टा बांधून बाहेरून ताण द्यायचा. तो पट्टा घालून कोणती पोरगी एसटीत बसेल? स्क्रूने हा प्रश्न सोडवला. तो हाडात रोवलेला खुंटा आहे. दाढेऐवजी दावं त्याला बांधायचं. ज्या रुग्णांना पूर्वी जबड्याच्या ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, त्यांतल्या काहींचं काम आज या स्क्रूवर भागतं. ही लहानसहान गोष्ट नाही.

कल्पना जुनी आहे. १९४५ साली गेन्सफोर्थ आणि हिग्ली या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या जबड्यात असे स्क्रू बसवून पाहिले. महिन्याभरात सगळे सैल झाले आणि तो विषय जवळपास चार दशकं बाजूला पडला. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी एका रुग्णाच्या वरच्या जबड्यात, नाकाच्या काट्याखाली स्क्रू बसवला आणि त्याच्या आधाराने पुढचे दात वर्षभरात सुमारे सहा मिलिमीटर वर नेले. तिथे मुळांशी गाठ पडत नव्हती, जागा मोकळी होती. १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी १.२ मिलिमीटर जाडीचा आणि सहा मिलिमीटर लांबीचा स्क्रू वापरल्याचं प्रसिद्ध केलं. एवढा बारीक स्क्रू दोन मुळांच्या मधल्या हाडातही मावू लागला, आणि दाताला इजा होण्याची गोष्ट तिथूनच सुरू झाली.

इथे थोडं गणित करावंच लागेल. वरच्या जबड्यात स्क्रू बसवण्याची नेहमीची जागा म्हणजे दुसरी उपदाढ आणि पहिली मोठी दाढ यांच्या मधली. त्या दोन मुळांत बऱ्याच लोकांना तीन मिलिमीटरच्या आसपास हाड असतं. कुणाला त्याहून जास्त, कुणाला कमी. स्क्रू धरा दीड मिलिमीटर जाडीचा. उरलं दीड. दोन बाजूंना वाटलं तर पाऊण-पाऊण. मुळाभोवती पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं नाजूक अस्तर असतं. ते वजा केलं की हाताला चुकायला उरतो अर्धा मिलिमीटर. स्क्रूच्या भोवती सगळीकडे किमान एक मिलिमीटर हाड असावं, असं जागांची मोजमापं करणारे सांगतात. म्हणजे कित्येक रुग्णांत त्या ठरलेल्या जागीसुद्धा पुरेसं हाड नसतं. ते कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे हिरडीवरून दिसत नाही. त्यासाठी एक्स-रे काढावा लागतो.

बरं, स्क्रू नीट बसला की पुढे निर्धास्त व्हावं, असंही नाही. तैवानच्या लिऊ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सोळा रुग्णांचे स्क्रू ताण दिल्यावर जागच्या जागी राहतात का, हे तपासलं. सात जणांचे स्क्रू न पडताही सरकले होते. म्हणून मूळ, नस वगैरेंपासून दोन मिलिमीटर अंतर राखावं, अशी त्यांची सूचना होती. तीन मिलिमीटरच्या फटीत दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर कसे राखायचे, हे ज्याचं त्याने पाहावं.

आता लागलाच स्क्रू मुळाला, तर काय होतं? यात दोन टोकाच्या अफवा ऐकू येतात. एक म्हणजे 'दात गेला', दुसरी 'काही होत नाही, आपोआप भरून येतं.' खरं दोन्हीच्या मध्ये आहे आणि वरवरच्या जखमेपुरतं बोलायचं तर दुसरीच्या जास्त जवळ आहे. मुळाच्या वरच्या थराला ओरखडा पडला आणि स्क्रू वेळेत काढला, तर जखम भरते. २००८ साली कादिओग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माणसांवरच दाखवलं. जे दात नाहीतरी काढायचेच होते, ते त्यांनी मुद्दाम स्क्रूला टेकवले, मग स्क्रू काढला किंवा ताण सोडला आणि काही आठवड्यांनी दात काढून तपासले. मुळावरचे खड्डे भरत आलेले होते. कुत्र्यांवरच्या अभ्यासांतही बाराएक आठवड्यांत बरीच दुरुस्ती दिसते. पण या सगळ्यांत एक अट आहे : स्क्रू काढलेला होता, निदान ताण तरी सोडलेला होता. स्क्रू मुळाला टेकून राहिला, त्यावर ताण चालू राहिला, तर भरून येण्याला वावच मिळत नाही. आणि स्क्रू नसेपर्यंत पोचला असेल तर नस मरते, रूट कॅनॉल करावं लागतं. मुळाभोवतीचं अस्तर फार फाटलं तर दात हाडाला चिकटून बसू शकतो आणि मग कुठल्याच तारेने हलत नाही. मूळ आरपार भेदलं गेलं तर दात गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. असं क्वचित होतं, हे मान्य. क्वचित होणाऱ्या गोष्टीचं भय घालून मला कुणाची तार थांबवायची नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. मुळाला स्क्रू लागलेला दात वाचवायचा तर लागलंय हे लवकर कळायला हवं. आमच्या तालुक्यात नेमकं तेच होत नाही.

गेल्या वर्षी पैनगंगेकडच्या एका गावची अकरावीची पोरगी आली होती. जेवताना वरच्या डाव्या दाढेत कळ मारते, ही तक्रार. कधीपासून? "दिवाळीपासून." तेव्हा होळी जवळ आली होती. दाढेच्या पुढच्या बाजूला स्क्रू, त्याला स्प्रिंग लावलेली, स्क्रू चिमट्याने हलत होता. इतके दिवस सांगितलं का नाही, असं विचारल्यावर आई म्हणाली, "ढिला झाला तं पडन आपोआप, असं वाटलं जी. कापूस वेचाचा होता, जाणं झालं नाही." मी एक्स-रेची छोटी फिल्म काढली. स्क्रूचं टोक आणि दाढेचं मूळ एकमेकांवर चढलेले दिसत होते. अशी फिल्म सपाट असते. मागेपुढे असलेल्या दोन वस्तूही तीत एकावर एक दिसू शकतात. म्हणून नळीचा कोन बदलून दुसरी काढली. तरी ते सुटेनात. मी विचारलं, स्क्रू बसवल्यावरची फिल्म कुठे आहे? फिल्म काढलीच नव्हती. बसवण्याआधी फक्त सगळ्या दातांचा मोठा एक्स-रे, ओपीजी, काढलेला. तोही तार लावताना, म्हणजे दीड वर्षापूर्वी. मधल्या काळात दात सरकून मुळांच्या जागा बदललेल्या होत्या. त्या जुन्या नकाशावर स्क्रू रोवला होता.

ज्यांनी तो बसवला त्यांना मी फोन केला. त्यांनी स्क्रू काढून टाकायला सांगितलं, मी काढला. पुढे दोनेक महिन्यांत दाढ दुखायची थांबली, थंड लावल्यावर जाणवतं म्हणून पोरगी सांगू लागली. नस जिवंत आहे. दाढ सुटली. आणखी एका मुलाची दाढ मात्र सुटली नाही, तिचं रूट कॅनॉल मीच केलं. त्याच्या बाबतीत मूळ स्क्रूमुळेच बिघडलं की आधीच्या किडीमुळे, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण त्याचीही आधीची फिल्म नव्हती. फिल्म नसली की रुग्णाला न्याय मिळत नाही, आणि डॉक्टरला निर्दोषपणाही दाखवता येत नाही, हे माझ्या व्हिजिटिंग मित्रांनी ध्यानात घ्यावं.

सैल झालेला स्क्रू ही आमच्याकडे कुणी तक्रारच धरत नाही. तो सैल का झाला, हा प्रश्न तर फार दूरचा. जगभरातल्या अभ्यासांची बेरीज करणारा एक मोठा आढावा २०१२ मध्ये निघाला. त्यात सुमारे पाच हजार स्क्रूंपैकी साडेतेरा टक्के निकामी झाल्याचं आढळलं, म्हणजे साधारण सातातला एक. आणि २००७ मध्ये जपानच्या कुरोदा यांच्या अभ्यासाने दाखवलं की स्क्रू मुळाच्या जवळ असणं हे तो सैल होण्याचं एक मोठं कारण आहे. दर घासाला दाढ किंचित दबते, टेकलेला स्क्रू हलवत राहते. म्हणजे सैल स्क्रू हा कित्येकदा मुळाचाच निरोप असतो. तो ऐकायचा सोडून आपण काय करतो? "पडन तं पडन" म्हणतो. आणि पुढच्या खेपेला डॉक्टर त्याच फटीत, दोन मिलिमीटर वर, नवा स्क्रू पिळतात. पुन्हा फिल्मशिवाय.

शहरातल्या पुस्तकांत आमच्या तोंडांचा विचार नसतो. तीन गोष्टी सांगते, त्यांचा दाताच्या इजेशी थेट संबंध आहे.

पहिली खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर आजही मिळतो आणि नववी-दहावीतली पोरं तो खातात. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठरते, तोंड हळूहळू उघडेनासं होतं. दोन बोटं जेमतेम आत जातील अशा तोंडात मागच्या दाढेपाशी स्क्रू बसवायचा म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर सरळ धरताच येत नाही. ताठ गाल मूठ पुढे ढकलतो, आणि मूठ पुढे आली की स्क्रूचं टोक मागे, नेमकं दाढेच्या मुळाकडे वळतं. अशा पोराला आधी तोंड किती उघडतं ते मोजून, खर्रा सोडवून, मगच पुढचं बोलावं. तार लावायला आलेल्या पोराचं आधी तोंड मोजा म्हटलं की आईबाप माझ्याकडे संशयाने पाहतात. पाहू देत.

दुसरी पाणी. शेजारच्या पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड असल्याचं २००७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी पिऊन वाढलेल्या पोरांचे दात ते न वाचताही तेच सांगतात. पांढरे पट्टे, तपकिरी डाग, कुठे खरबरीत खळगे. अशा दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही, वारंवार निघतं, त्यामुळे इलाज लांबतो आणि सहा-आठ महिन्यांसाठी बसवलेला स्क्रू वर्षभर तोंडात राहतो. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. नस मेली की दात हळूहळू काळपट पडतो. आई-बापांना कळू शकेल अशी ती एक खूण. आमच्या पोरांच्या डागाळलेल्या दातांत तो काळपटपणा मिसळून जातो. "आमच्याकडं सगळ्यायचेच असे असते जी, पान्याचा दोष." नागपूरच्या पोरीचा काळा पडलेला दात आठवड्यात आईच्या नजरेला येतो, आमच्या पोरीचा वर्षभर येत नाही.

तिसरी गोष्ट हंगामाची. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या पुढेमागे वेचणी. त्या दिवसांत वणीला किंवा नागपूरला जायला घरात माणूस मोकळा नसतो, आणि पावसात नाल्याला पूर आला तर रस्ताही नसतो. रबराची चेन असली तर तिचा जोर काही आठवड्यांत ओसरतो. निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग मात्र कुणी पाहो न पाहो, ओढतच राहते. पुढचे दात मागे घेताना कधी सगळी रांगच मागे सरकवली जाते. तेव्हा स्क्रू जागेवर असतो आणि उपदाढेचं मूळ त्याच्याकडे सरकत असतं. बसवताना नीट बसलेला स्क्रूही अशा रीतीने दोन पाळ्या चुकल्या की मुळाला भेटू शकतो. यावर उपाय म्हणून हल्ली मुळांच्या बाहेरच्या बाजूला, गालाच्या हाडाखालच्या कडेत जाड आणि लांब स्क्रू बसवतात. त्यांना आयझेडसी म्हणतात. ते मुळांच्या वाटेत कमी येतात हे खरं, पण ते तिरके शिरतात, तिथे वर सायनसची पोकळी असते आणि कोन चुकला तर मूळ तिथेही असतं. मुळाशी गाठ पडण्याची शक्यता कमी झाली एवढंच; फिल्मची गरज गेली असं नव्हे.

एका अनुभवी डॉक्टरांशी मी यावर भांडले आहे. त्यांचं म्हणणं असं : हाताला कळतं. मूळ लागलं की स्क्रू अडतो, रुग्ण कळवळतो. उगाच प्रत्येकाला एक्स-रेचे किरण कशाला द्यायचे? यात तथ्य आहे. म्हणूनच तर स्क्रू बसवताना हिरडीपुरतीच भूल द्यायची, पूर्ण जबडा बधिर करायचा नाही, ही रीत आहे. मुळाच्या अस्तराला टोक लागलं तर रुग्णाला कळलं पाहिजे, म्हणून. पण माझ्या खुर्चीत बसलेल्या पोरांना मी विचारते तेव्हा कित्येक जण सांगतात, "काहीच कळलं नाही, सगळा गाल मरून गेला होता." रुग्ण ओरडू नये म्हणून सढळ भूल दिली की जी एक धोक्याची घंटा होती तिचाच आवाज बंद होतो. शिवाय ओरडायचं कुणी? आमच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची पोरं डॉक्टरसमोर हूं की चूं करत नाहीत. दुखलं तर हात वर कर, हे त्यांना मराठीत सांगूनही भागत नाही. कोलामी किंवा गोंडी जाणणारं कुणी शेजारी उभं लागतं.

किरणांचं म्हणाल तर त्रिमितीय स्कॅन, सीबीसीटी, प्रत्येकाचा काढा असं मी म्हणतच नाही. वाढत्या पोरांना तो सरसकट देऊही नये, आणि त्यासाठी आम्हाला मोठ्या शहरातच जावं लागतं. मी मागते आहे ती दोन बोटांएवढी फिल्म : एक बसवण्याआधी त्या जागेची, एक बसवल्यावर. तिचे किरण फार थोडे असतात आणि माझ्याकडे ती शंभर-दोनशे रुपयांत होते. पूर्ण तारेचा खर्च हजारांत सांगणाऱ्याने शंभर रुपयांवर अडून बसू नये. मशीन बंद असेल, लाइन गेलेली असेल, तर स्क्रू पुढच्या महिन्यात बसवावा. महिन्याने काही कुणाचं लग्न मोडत नाही.

संमतीचा कागद हाही एक विनोदच झाला आहे. इंग्रजीत छापलेल्या फॉर्मवर बापाची सही किंवा अंगठा. २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इलाज काय, त्याचा फायदा काय, त्याला पर्याय कोणते आणि त्यातले ठळक धोके कोणते, हे रुग्णाला कळेल असं सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी. दवाखान्याची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे तर १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून ठरलेलं आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्वतःच्या तपासण्यांचे कागद मिळण्याचा हक्क आहे. हे मी कोर्टात जा म्हणून सांगत नाही. झरीहून यवतमाळच्या ग्राहक आयोगात कोण किती फेऱ्या मारणार, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरवर खटला भरून दाढेचं मूळ काही भरून येत नाही. पण "स्क्रू मुळाला लागू शकतो, लागला तर असं दुखेल, तेव्हा लगेच या" एवढी दोन वाक्यं समोरच्याच्या भाषेत बोलायला कुठलं यंत्र लागत नाही.

माझी मागणी कुणाचं दुकान बंद करण्याची नाही. स्क्रू बसवणाऱ्याने त्याच दिवशी दोन्ही फिल्म रुग्णाच्या हातात द्याव्यात, मोबाइलमध्ये का होईना. सोबत एक कार्ड : स्क्रू कुठल्या दोन दातांमध्ये, किती जाडीचा आणि लांबीचा, कधी बसवला, फोन कुणाला करायचा. आणि ज्या गावात आपण महिन्यातून एकदाच जाणार, तिथे आठवड्याभरात तो स्क्रू पाहील असा जवळचा दंतवैद्य आधी ठरवावा, नंतरच स्क्रू-ड्रायव्हर उचलावा. आम्ही बीडीएसवाले त्याला तयार आहोत. स्क्रू हलतो का, दाढेवर ठोकल्यावर दुखतं का, थंड लावल्यावर कळतं का, एवढं पाहायला एमडीएस लागत नाही. सैल झाला तर आधी फिल्म, कारण कळल्यावरच नवा स्क्रू. सरकारी बाजूनेही थोडं व्हायला हवं. ग्रामीण रुग्णालयातल्या दंतचिकित्सकाने अशी फिल्म काढून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या दंत विभागाला पाठवली आणि तिथून त्याच दिवशी उत्तर आलं, तर अर्ध्या पोरांच्या खेपा वाचतील. फोटो पाठवायला आता मुकुटबनमध्येही रेंज असते, बहुतेक वेळा.

एका व्हिजिटिंग डॉक्टरांनी हे मानलं आहे. रविवारी ज्यांना स्क्रू बसवायचा त्यांची यादी ते शनिवारी मला पाठवतात. माझ्या बाजूची पोरं असली तर मी आदल्या दिवशी फिल्म काढून ठेवते, आणि दोनदा त्यांनी ती पाहून जागा बदलली. दुसऱ्या एकांनी माझा फोन घेणं सोडलं आहे. त्यांची पोरं आली की मी फिल्म काढते, आईच्या हातात देते आणि सांगते, पुढच्या खेपेला तोंड उघडायच्या आधी ही त्यांच्या टेबलावर ठेवा.